दोनाचा पासंग

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज रिपोर्ट माझ्याकडे फिरवून धरला आणि पेनाच्या टोकाने एक आकडा दाखवला. "साखर अजून हाताबाहेर गेलेली नाही. पण तुझं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही."

म्हणजे काय, असं मी विचारलं.

"इन्सुलिन दार ठोठावतंय आणि आतलं कोणी उठत नाही. म्हणून शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं. काही वर्षं हे खपून जातं. मग पाठवणाराच दमतो." एवढं बोलून त्यांनी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. तिच्या जाड भिंगांकडे, टेबलाची कड चाचपणाऱ्या बोटांकडे. आईची साखर केव्हाच हाताबाहेर गेलेली आहे.

उपाय एकच. व्यायाम, तोही कायमचा. मी अजून तिशीतही नाही, त्यामुळे हातात वेळ आहे म्हणाले. हे मला धीर देण्यासाठी होतं. मला मात्र तो वेळच जास्त वाटला. कारण व्यायाम मी याआधीही सुरू केलाय आणि दर वेळी सोडलाय. दर वेळी चांगली कारणं होती. आळशी माणसाकडे कारणांचा तुटवडा नसतो.

बाबा संध्याकाळी दुकानातून आले आणि सगळं ऐकून म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? मग हलव की हातपाय."

आई म्हणाली, "अहो, तिला बसू तरी द्या." मग स्वतःच खाली बसली आणि पाय चोळायला लागली. तिच्या तळपायांची आग होते.


१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी मला वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्यायाम-प्रयोगशाळेत पाठवलं. माझ्यासारखे, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिनला जुमानत नाही असे लोक त्यांना हवे आहेत. फुकट तपासण्या आणि पुढे काही महिने देखरेखीखाली व्यायाम. तळघरातली लांबट खोली, मध्ये जागेवरच उभ्या असलेल्या दोन सायकली, छताला पंखा आणि समोरच्या भिंतीवर एक मोठी पट्टी. सगळ्यात खाली वजा पाच, त्यापुढे "फार वाईट". मध्ये शून्य. सगळ्यात वर अधिक पाच, "फार छान".

तिथल्या मॅडम उंच आहेत आणि बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत असतात. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सायकल आधी हलकी, मग जड, मग फार जड करणार. दर थोड्या वेळाने त्या विचारणार, "आत्ता कसं वाटतंय?" आणि मी पट्टीवरचा आकडा सांगायचा. श्वास तुटायला लागला की बहुतेकांना वाईट वाटू लागतं. आमच्यासारख्यांना ते लवकर वाटतं, असा त्यांचा अंदाज आहे. "आणि वाईट वाटलं की लोक सोडतात. सगळ्यांना वाटतं ते आळशी आहेत. मला शोधायचंय की कोणाला कितपत जोर सोसतो. शून्याच्या आसपास किंवा वर जिथे राहशील तो तुझा जोर. तोच तुला पुढे द्यायचा."

माझ्याबरोबर आज एक बसवाहक बाई होत्या. ऐसपैस, खणखणीत आवाजाच्या. तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा चढवल्यावरही बोलत होत्या. सायकल जड झाली तशा ओरडल्या, "वजा पाच! लिहा मॅडम, वजा पाच! खाली आणखी जागा असती तर तिथेही गेले असते."

"अजून मधल्या टप्प्यावरच आहोत," मॅडम म्हणाल्या.

"मग काय झालं? दिवसभर मी लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणते. आज कळलं, म्हणणं किती सोपं असतं ते."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली त्यांच्यासाठी. एवढं सगळं बाहेर काढायचं माणसाने?


१३ फेब्रुवारी

आज माझी पाळी. जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण रस्ताभर मन मला खात होतं.

हलक्या जोरात काही विशेष नव्हतं. मध्यम जोरात मांड्या भरून आल्या. जड जोरात असं वाटलं की कोणीतरी माझं तोंड उशीने दाबतंय आणि वर मलाच विचारतंय, कसं वाटतंय. भीती वाटली. रडावंसं वाटलं. नुसती सायकल मारताना रडायचं कसलं, असं मनात आलं म्हणून आणखी वाईट वाटलं. पट्टीकडे पाहिलं तर नजर सरळ वजा तीनवर गेली.

पण मी वजा एक सांगितलं.

हे खोटं नाही. मी स्वतःला ओळखते. माझा काटा रिकामा असतानाच एका बाजूला झुकलेला असतो. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, कारण सतत आजारी असायचे. बाबांनी मला काटे दुरुस्तीच्या दुकानात, कामाच्या बाकावर शिकवलं. पहिली बेरीज वजनांवर, पहिली वजाबाकी वजनांवर. एक पारडं रिकामं असतानाच खाली जात असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढाच पासंग बांधायचा, मग तोलायचं. त्याशिवाय तोललं तर ते काटा मारणं झालं, मग तो जाणूनबुजून असो वा नसो. भूक लागली म्हटलं की बाबा विचारायचे, "किती ग्रॅम?" मी म्हणायचे, शंभर. "त्यातली कुरकुर वजा कर." मी म्हणायचे, साठ. मग ते हसून साठ ग्रॅमचा खाऊ द्यायचे. आमच्या घरात सगळे असंच बोलतात. डोकं दुखतंय, पण कुरकुर वजा करून ठीक आहे. बाहेरच्यांना गंमत वाटते.

तर कुरकुरीचा माझा पासंग दोनाचा आहे. मी तो प्रत्येक आकड्यात घातला. मॅडम म्हणाल्या होत्या, प्रामाणिकपणे सांग. जी खोट आपल्याला माहीत आहे ती दुरुस्त न करता आकडा पुढे करणं, याला प्रामाणिकपणा कसं म्हणायचं?

तरीही मन खातंय. दोन पुरेसा आहे की तीन असायला हवा होता?


२१ फेब्रुवारी

मॅडम खूश. तिन्ही जोरांचे आकडे समोर ठेवून म्हणाल्या, "अगं, तू तर वेगळीच निघालीस. जड जोरातसुद्धा शून्याच्या आसपास. बाकी सगळे तिथे कोसळतात." मला जड गटात घातलं. वाहक बाई हलक्या गटात. त्यांना नुसतं रमतगमत सायकल मारायची आहे, मध्ये गप्पासुद्धा चालतात.

"मजा आहे बुवा तुमची," मी त्यांना म्हणाले.

"मजा कसली, मला तुझा हेवा वाटतोय," त्या म्हणाल्या. "लोखंडाची आहेस का गं तू?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी दुकानात गिऱ्हाइकासमोर सांगितलं. गिऱ्हाइकाने मान डोलावली आणि भाजीचा काटा लवकर द्या म्हणाला.


२ मार्च

आठवड्यातून तीनदा जाते. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीच मी न जाण्याची कारणं मोजायला लागते.


११ मार्च

आज कपडे बदलायच्या खोलीत ओकले. मग बेसिन धुतलं, जमीनही पुसली, दोनदा. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्यांनी ओकण्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या विचारतात ते आकडा. आज वजा पाच होतं, मी वजा तीन सांगितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आज खाली आलीस?"

मी घाबरले. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा वजा एक म्हणाले. पासंग चाराचा झाला. तेव्हा नुसती कुरकुर नव्हती ना, भीतीही होती, मग तिचेही दोन वजा करायला हवेत. हे गणित मी सायकल मारता मारता केलं. ते बरोबर आहे की मॅडमच्या भुवयांना घाबरून केलं, ते आता नीट सांगता येत नाही.

वाहक बाई शेजारच्या सायकलवर त्यांच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होत्या आणि त्यांचं पाय मारणं चालूच होतं. वेळ संपली तरी त्यांना कळलं नाही. उतरल्यावर मला म्हणाल्या, "तुझा चेहरा बघितलास का आरशात? पिळून वाळत घातल्यासारखा झालाय."

"घाम आहे," मी म्हणाले.

"घाम डोळ्यांतून येतो होय?"

त्यांचं वजन उतरलंय. रोज घरी चालतातही म्हणे, कोणी सांगितलेलं नसताना. मी घरी पायऱ्यासुद्धा चढत नाही आता. उरलेलं सगळं त्या सायकलसाठी राखून ठेवते. ज्याच्यात दम नाही त्याला व्यायाम गोड लागतो आणि ज्याच्यात आहे असं कागदावर ठरलंय त्याला जिवावर येतो. मी लोखंडाची नाही, हे फक्त मला माहीत आहे. सगळ्यांना एकेक दिवस फसवत चालले आहे असं वाटतं, आणि कुठे फसवतेय ते मात्र सापडत नाही.


१९ मार्च

गेले नाही. ताप आहे असं फोनवर सांगितलं. नव्हता.

दुपारी झोपून छताकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, कायमचा. असं कायमचं जगायचं असेल तर साखर वाढलेली काय वाईट, असा विचार मनात आला. तो इथे लिहिते, कारण तो आला होता.


२३ मार्च

आई जेवताना म्हणाली, "पायाच्या अंगठ्यापाशी काहीतरी झालंय. चप्पल लागली असेल."

"किती?" बाबांनी सवयीने विचारलं.

"थोडं ठणकतंय. कुरकुर सोडली तर काही नाही." आणि तिने मला आणखी भात वाढला. नको म्हटलं तरी वाढलाच.

मला उद्याची चिंता होती. मी तिच्या पायाकडे पाहिलं नाही. तिला स्वतःला तो नीट दिसत नाही.


३१ मार्च

आईचा अंगठा आज काढला. शेजारचं बोटही.

जखम आतून वर चढली होती. सर्जन म्हणाले, "एवढं सडेपर्यंत दुखलं नाही?" बाबा म्हणाले, "ती म्हणाली थोडं." सर्जननी आईला विचारलं. ती म्हणाली, "हो, थोडंच." मग त्यांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही तिघं मिळून त्यांच्यापासून काहीतरी लपवतोय.

बाबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहेत. माझ्या आठवणीत प्रथमच त्यांनी दुकान बंद ठेवलं आहे. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "मला वाटलं, तिचं नेहमीचंच." आणि पुन्हा थोड्या वेळाने तेच म्हणाले, मी पहिल्यांदा ऐकलंच नाही असं समजून.

परिचारिका दर पाळीला येते आणि विचारते, "किती दुखतंय? एक ते दहा." त्यावरून ती सुईतलं औषध ठरवते. आईने एका हाताने पलंगाचा दांडा धरला होता, बोटं पांढरी पडली होती. म्हणाली, "चार."

परिचारिका गेल्यावर मी विचारलं, "खरंच चार?"

"आठ असेल," आई म्हणाली. "पण मला वाढवून सांगायची सवय आहे ना."

मला इतका संताप आला की मी जवळजवळ ओरडले. "तुला कोणी सांगितलं तू वाढवून सांगतेस म्हणून?"

आई गोंधळली. बाहेर बसलेल्या बाबांच्या दिशेने बघितलं, मग माझ्याकडे. "सगळेच म्हणतात की. तूसुद्धा."

मी परिचारिकेला परत बोलावलं. ती वैतागली. "असं अर्धंमुर्धं सांगत जाऊ नका हो. इथे आकडा कच्चाच लागतो. काय कमी-जास्त करायचं ते आम्ही बघू."


४ एप्रिल

परिचारिकेचं ते बोलणं डोक्यातून जाईना. आईची गोष्ट वेगळी आहे, तिला खरोखरच दुखत होतं. पण मॅडमनाही कच्चाच आकडा हवा असेल तर? मी त्यांना दुरुस्त करून दिलेला. आज जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी टोपण पेनाला लावलं आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे जड जोरात तुला खरं वजा तीन वाटत होतं."

"वाटत होतं तीन. पण त्यात माझी खोट दोनाची होती."

"ती खोट आहे हे कोणी ठरवलं?"

हा काय प्रश्न झाला? आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं. निदान खरं काय ते तुझ्याकडे राहिलं असतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. अर्थ लागला नाही.

मग त्यांनी मला सायकलवर बसवलं, मुखवटा न लावता, आणि जोर उतरवत नेला. "आता काही दुरुस्त करू नकोस. कसं वाटतंय?" मी पट्टीकडे पाहिलं. आधी नजर आपोआप कुठल्यातरी आकड्यावर जायची, मग मी त्यात दोन घालायचे. आज नजर कुठे जाईचना. वजा दोन म्हणावं तर हा पासंग घातलेला की न घातलेला? शून्य म्हणावं तर ते मला हवंय म्हणून की आहे म्हणून? मॅडमनी जोर आणखी उतरवला. पाय जवळजवळ आपोआप फिरत होते. छतालगतच्या खिडकीच्या फटीतून लोकांची पावलं जाताना दिसत होती.

"आता?"

"काहीच होत नाहीये."

"काहीच होत नाही म्हणजे बरं वाटतंय का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आणि मग मला असं रडू फुटलं की सायकल थांबली तरी ते थांबेना. बरं वाटत असेल तर हा व्यायाम कसला, असंही रडता रडता मनात येत होतं.

त्यांनी पाणी दिलं. रागावल्या नाहीत. पण माझे सगळे आकडे काढून टाकावे लागतील, म्हणाल्या. हलका गट भरला आहे. पुढची तुकडी कधी, ते त्यांनाच माहीत नाही. रक्ताच्या तपासणीत फारसा फरक नाही, कारण शेवटी शेवटी मी टाळतच होते. "तोवर घरी चाल. बरं वाटेल इतकंच चाल, त्याच्या पुढे एक पाऊल नको."

दारापर्यंत आल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "तुझ्यासारख्या आणखी किती असतील कोण जाणे." मी माफी मागितली.


९ एप्रिल

चालायला निघाले. बरं वाटेल इतकंच. कोपऱ्यावर थांबले आणि विचार करत उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, काही हरवलंय का?" परत आले.


१३ एप्रिल

सर्जननी आज आईला चालवायला सांगितलं. टाचेवर भार देऊन, वॉकर धरून, वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. झेपेल तेवढंच, असं म्हणाले. बाबा बरोबर आले नाहीत. हल्ली ते आईला काही विचारतच नाहीत. पाणी आणतात, उशी सरळ करतात, आणि ती काही बोलायला लागली की उठून जातात.

आई एक पाऊल टाकायची आणि वॉकर पुढे सरकवायची. मी बाजूने चालत होते. कॉरिडॉरच्या मध्यावर ती थांबली. म्हणाली, "बास. आता नको."

हे असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. बास, आता नको. मी तिथेच तिला फिरवायला हवं होतं. पण मला ती कायमची खाटेवर पडलेली दिसली, आणि दुसराही पाय गेलेला, आणि तिचं पुढचं सगळं, माझंही. आणि मी म्हणाले, "अजून थोडं. त्या खिडकीपर्यंत. तुला वाटतं त्याहून जास्त जमतं तुला."

आई काही न बोलता निघाली. ओठ आत ओढलेले. कपाळावरचा घाम चष्म्यावर ओघळला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसला. खिडकीपाशी पोचल्यावर तिने चौकटीला डोकं टेकलं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान."

"आई, खरं सांग. काही वजा करू नकोस, काही घालू नकोस. आत्ता आहे तेवढंच."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, चेष्टेनेही नाही. अगदी मनापासून, मला मदत करायची म्हणून तिने विचारलं, "तुला किती हवंय, बाळा? तेवढं सांगते."

खाट मागे होती, आलो तेवढीच लांब. मी वॉकर वळवून तिच्या हातात दिला.